लहान प्रवाळटाकी: मासा निवडण्याआधी त्याची जागा ठरवावी

प्रवाळखडकावर दोन माशांचे भांडण झाले, तर ते फार वेळ चालत नाही. ज्याची हद्द असते तो पर ताठ करून अंगावर जातो, दुसरा चार-पाच मीटर मागे सरकतो, खडकाच्या वळणाआड दिसेनासा होतो आणि प्रकरण तिथेच मिटते. हेच दोन मासे ८० सेंटिमीटर लांबीच्या टाकीत असले, की हरलेला मासा पळतो आणि क्षणात काचेला येऊन भिडतो. तिथेही तो पहिल्याच्या हद्दीतच असतो. पहिल्याच्या लेखी मग भांडण संपलेले नसते. समोरचा हटायला तयार नाही, एवढेच त्याला दिसते आणि तो पुन्हा चाल करून जातो. लहान टाकीत कोणते मासे एकत्र नांदतील हा प्रश्न मुळात या काचेचा प्रश्न आहे.

अमुक जातीचे तमुक जातीशी जमते, असे सांगणारे तक्ते भरपूर मिळतात आणि ते अगदीच निरुपयोगी नसतात. मात्र त्यांत टाकी केवढी आहे याचा विचार क्वचितच केलेला असतो. ५०० लिटर पाण्यात एकमेकांची दखलही न घेणारे दोन मासे १०० लिटरमध्ये आठवडाभरात एकमेकांच्या शेपट्या कुरतडू शकतात. म्हणून ज्या टाकीत ८० ते १२० लिटर पाणी मावते आणि जिच्यात प्रवाळही वाढवायचे आहेत, तिच्यापुरताच विचार इथे केला आहे.

आधी पाण्याचा हिशोब उरकून घेऊ. ८० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद आणि ४० उंच अशा टाकीचे गणित ११२ लिटर येते. पण वरचे काही सेंटिमीटर रिकामे सोडावे लागतात, तळाशी वाळू असते आणि खडकही जागा व्यापतो. प्रत्यक्षात पाणी ८५ ते ९० लिटरच उरते. या पाण्यात केलेली चूक गोड्या पाण्यातल्यापेक्षा लवकर अंगाशी येते, याला दोन कारणे आहेत. पहिले प्राणवायूचे. २५ अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. त्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात हा आकडा सुमारे ६.८ मिलिग्रॅमवर येतो. दुसरे कारण अमोनियाचे. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडत असतो. पाण्यात त्याची दोन रूपे असतात, एक बऱ्याच अंशी निरुपद्रवी आणि दुसरे विषारी, आणि कोणते किती हे मुख्यतः पाण्याच्या पीएचवर, म्हणजे आम्ल-अल्कतेच्या मापावर ठरते. पीएच ७ असताना विषारी रूपाचा वाटा शंभरात एकाहूनही कमी असतो. प्रवाळटाकीत राखल्या जाणाऱ्या ८.१ ते ८.३ या पीएचला तो कित्येक पटींनी वाढतो. अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू खडकावर व वाळूत वस्ती करतात. ती वस्ती जमायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर टाकीत मासा सोडू नये. वस्ती जमल्यावरही ती आहे तेवढ्या माशांपुरतीच असते. एकदम दोन-तीन मासे वाढवले, की अमोनिया पुन्हा दिसू लागतो.

एवढ्या पाण्यासाठी माझा आकडा चार आहे: पूर्ण वाढ झाल्यावरही ८ ते १० सेंटिमीटरच्या आसपास थांबणारे चार मासे. तीनच ठेवले तर अधिक चांगले. माशाच्या इतक्या सेंटिमीटरला इतके लिटर पाणी, असे सूत्र पुष्कळजण सांगतात. मला ते पटत नाही, कारण त्या सूत्रात दहा सेंटिमीटरचा भांडकुदळ मासा आणि दहा सेंटिमीटरचा बुजरा मासा एकाच मापाने मोजले जातात.

‘पूर्ण वाढ झाल्यावर’ हे शब्द मात्र सोडू नयेत. विक्रीला येणारे मासे बहुधा पिल्ले असतात आणि पिल्लाच्या आकारावरून त्याचे पुढचे रूप कळत नाही. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके मिरवणारे, डोके खाली घालून डुलत पोहणारे पँथर ग्रूपरचे बोटभर पिल्लू पाहणाऱ्याला मोहात पाडते. तोच मासा समुद्रात ७० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. निळा टँग ३० सेंटिमीटरपर्यंत जातो, पिवळा टँग २० पर्यंत. ‘आता लहान आहे, पुढे मोठी टाकी घेऊ’ असे ठरवून आणलेल्या टँगला ती मोठी टाकी वेळेवर मिळतेच असे नाही. दिवसभर पोहत राहणाऱ्या या माशाच्या शेपटीच्या बुडाशी सुरीसारखा धारदार काटा असतो आणि अरुंद जागेत कोंडलेला टँग तो काटा वापरायला कचरत नाही.

भांडण कशावरून होते

ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी प्रवाळातल्या माशांचे निरीक्षण करताना एक गोष्ट टिपली होती. जाहिरातीच्या फलकासारखे भडक, ठसठशीत रंग ल्यालेले मासे आपल्याच जातीच्या माशावर सर्वाधिक जोराने तुटून पडतात. परक्या जातीकडे ते तुलनेने दुर्लक्ष करतात. यामागचे कारण समजायला अवघड नाही. ज्याला आपलेच अन्न, आपलेच बीळ आणि आपलाच जोडीदार हवा आहे, असा माशाचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे त्याचाच जातभाई. त्याच्यानंतर नंबर लागतो तो जातभाईसारखा दिसणाऱ्याचा किंवा जातभाईसारखा राहणाऱ्याचा. म्हणून कोणताही मासा घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: हा टाकीच्या कोणत्या भागात राहतो, काय खातो, आणि टाकीत आधीच असलेल्या कोणासारखा दिसतो का? चवथा प्रश्न स्वभावाचा, आणि तो चेहऱ्यावरून कधीच कळत नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे रॉयल ग्रामा आणि रॉयल डॉटीबॅक. दोघांचेही पुढचे अर्धे अंग जांभळे आणि मागचे पिवळे. एक कॅरिबियन समुद्रातला, दुसरा पश्चिम प्रशांत महासागरातला, त्यामुळे निसर्गात त्यांची गाठ पडत नाही. विक्रीच्या टाक्यांत मात्र ते शेजारी-शेजारी दिसतात. ग्रामाचा जांभळा रंग ठिपक्याठिपक्यांनी पिवळ्यात विरत जातो, त्याच्या डोळ्यावरून एक काळपट रेघ जाते आणि पाठीच्या पराच्या पुढच्या भागावर काळा ठिपका असतो. डॉटीबॅकचे दोन रंग सुरीने कापल्यासारखे एका रेषेत वेगळे होतात आणि त्याचे पर पारदर्शक असतात. एवढा फरक ध्यानात ठेवणे गरजेचे आहे, कारण ग्रामा आपल्या कपारीपुरती हद्द राखतो आणि त्यासाठीही बहुधा तोंड आ वासून दाखवण्यावरच भागवतो, तर तळहाताच्या निम्म्याएवढा डॉटीबॅक अख्खी लहान टाकी आपली मानतो. नवख्या माणसाकडून झालेली ही अदलाबदल टाकीतल्या इतर सर्वांना महाग पडते.

आता राहण्याच्या जागेकडे येऊ. लहान टाकीतही स्थूलमानाने तीन बिऱ्हाडे असतात: वाळू आणि वाळूलगतची बिळे, खडकातल्या कपारी, आणि खडकावरचे मोकळे पाणी. एका बिऱ्हाडात एकच मासा किंवा एकच जमलेली जोडी, हा नियम पाळला तर निम्मी भांडणे सुरूच होत नाहीत. उरलेल्या निम्म्यांसाठी खडकाची रचना कामी येते. काचेला टेकवून एक सलग भिंत उभी करण्याऐवजी दोन वेगळे ढीग रचावेत, मधून वाट सोडावी आणि प्रत्येक ढिगात आरपार जाणारी, म्हणजे दोन तोंडांची भोके ठेवावीत. एकाच तोंडाच्या बिळात शिरलेला मासा कोंडला जातो. दोन ढिगांमुळे एका बाजूच्या माशाला दुसऱ्या बाजूचा मासा सतत दिसत नाही, आणि दृष्टीआड सृष्टी ही म्हण माशांना अगदी शब्दशः लागू पडते.

मोकळ्या पाण्यातले बिऱ्हाड

बहुतेकांना टाकीत सर्वांत आधी क्लाउनफिश हवा असतो, आणि या एका बाबतीत हौस आणि शहाणपण यांचे जुळते. ओसेलारिस जातीचा क्लाउनफिश लहान टाकीत सुखाने राहतो, मिळेल ते खातो आणि टाकीत जन्मलेला सहज मिळतो, त्यामुळे समुद्रातून पकडून आणलेला घेण्याचे कारणच उरत नाही. फार दूर न पोहणे हा त्याचा जन्मजात स्वभाव आहे. समुद्रातही तो आयुष्याचा बहुतांश काळ एखाद्या समुद्रपुष्पाच्या (सी ॲनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या, डंख करणाऱ्या प्राण्याच्या) आसपासच काढतो.

त्यांची जोडी मात्र नर आणि मादी अशी निवडून आणता येत नाही, कारण लहान क्लाउनफिश अजून काहीच ठरवून आलेला नसतो. या माशांत सर्वांत मोठा आणि वरचढ मासा मादी होतो, त्याच्या खालोखालचा नर होतो आणि उरलेले वाढ रोखून धरलेले अपक्व मासे म्हणून राहतात. मादी मेली, तर नराचीच मादी होते आणि पुढचा मासा नर बनतो. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ साली या बदलामागे दादागिरीची उतरंड कशी काम करते, हे प्रसिद्ध केले. टाकीसाठी याचा अर्थ असा, की दोन लहान, पण आकारात स्पष्ट फरक असलेले मासे एकाच वेळी आणावेत. मोठा मासा मादी होईल आणि धाकटा ते मान्य करील. ते मान्य करणे पाहण्यासारखे असते: मोठा जवळ आला, की धाकटा एका कुशीवर किंचित कलतो आणि अंगात हुडहुडी भरल्यासारखा थरथरतो. हा आजार नव्हे. ‘तू मोठी, मी लहान’ एवढेच तो सांगतो आहे, आणि जोपर्यंत ही थरथर दिसते तोपर्यंत जोडीची काळजी करू नये. दोन पूर्ण वाढलेले, अनोळखी मासे एकत्र सोडले, तर दोघेही माद्या असण्याची शक्यता मोठी, आणि दोन माद्यांमध्ये तडजोड होत नाही. तिसरा क्लाउनफिश कधीही घालू नये. दुसऱ्या जातीचा तर नाहीच. मरून क्लाउनफिश नावाने मिळणारा गडद तांबडा मासा दिसायला देखणा असला, तरी त्याची मादी १५ सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि लहान टाकीत तिच्यापुढे कोणाचेच चालत नाही.

क्लाउनफिश आला, की समुद्रपुष्प हवेच, ही समजूतही सोडून द्यावी. समुद्रपुष्पाला जोरदार प्रकाश आणि किमान सहा महिने ते वर्षभर स्थिरावलेली टाकी लागते. जागा पसंत पडली नाही, तर ते सरकत निघते, वाटेतल्या प्रवाळांना डंख करते आणि पंपाच्या जाळीत अडकून मेले, तर सगळे पाणी नासवते. टाकीत वाढलेला क्लाउनफिश त्याच्याविना अंडीसुद्धा घालतो.

मोकळ्या पाण्यासाठी दुसरा पर्याय बांगाई कार्डिनल हा आहे. इंडोनेशियातील सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांभोवतीच्या छोट्याशा पट्ट्यात तो मूळचा सापडतो. शोभेच्या माशांसाठी त्याची इतकी पकड झाली, की आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत २००७ साली त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. टाकीत पैदास झालेला मिळत असेल, तरच तो घ्यावा. याचा नर अंडी आणि नंतर पिल्ले तोंडात सांभाळतो आणि तेवढे तीन-चार आठवडे काहीही खात नाही. लहानपणी हे मासे थव्याने शांत राहतात, म्हणून पाच-सहा घेण्याचा मोह होतो. वयात आल्यावर जोडी जुळते आणि ती जोडी बाकीच्यांना एकेक करून संपवते. त्यामुळे एकच कार्डिनल घ्यावा किंवा आधीच जुळलेली जोडी. क्लाउनफिशची जोडी असेल, तर हे बिऱ्हाड भरले असे समजावे.

कपारी आणि वाळू

कपारीसाठी माझी पहिली पसंती रॉयल ग्रामाला. तो ८ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, काटक असतो, प्रवाळांना तोंड लावत नाही आणि कपारीच्या छताला पोट लावून उलटा पोहताना दिसला, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. ती त्याची नेहमीची पद्धत आहे. लहान टाकीत तो एकच ठेवावा. ग्रामाऐवजी फायरफिश घेता येईल. पांढऱ्या अंगाचा, शेपटीकडे लाल होत जाणारा हा मासा पाठीवरचा लांबलचक पर निशाणासारखा हलवत आपल्या बिळावर तरंगत राहतो आणि प्रवाहातून येणारे कण टिपतो. तो कोणालाच त्रास देत नाही, पण त्याला कोणीही त्रास देऊ शकते, आणि घाबरला की तो एकतर बिळात जातो किंवा सरळ टाकीबाहेर. बारीक जाळीचे झाकण नसेल, तर फायरफिश आणू नये. ग्रामा आणि फायरफिश दोघेही हवे असतील, तर फायरफिश किमान दोन-तीन आठवडे आधी यायला हवा आणि दोघांची बिळे वेगवेगळ्या ढिगांत हवीत. तरीही ते जमेलच अशी खात्री देता येत नाही.

खडकाच्या माथ्यावर बसून इकडेतिकडे डोळे फिरवणारा टेलस्पॉट ब्लेनी ६ सेंटिमीटरचा असतो आणि खडकावरचे शेवाळ खरवडून खातो. नव्या, लख्ख टाकीत त्याला खायला काही नसते. तो तीन-चार महिन्यांनी आणावा. याच कामासाठी सुचवला जाणारा लॉनमोअर ब्लेनी त्याच्या दुपटीहून मोठा होतो, म्हणून तो इथे नको.

वाळूवर मात्र जरा रेंगाळायला हवे. पिवळा वॉचमन गोबी आणि पिस्तूल कोळंबी यांची भागीदारी हा लहान टाकीतला सर्वांत रंगतदार देखावा आहे, आणि तो पाहण्यासाठी मोठी टाकी लागत नाही, उलट लहान टाकीतच तो जवळून दिसतो. कोळंबीला नीट दिसत नाही, पण ती दिवसभर बीळ खणते. वाळूचे ढिगारे दोन नांग्यांनी पुढे लोटत ती बाहेर आणते आणि परत आत जाते. बाहेर येताना तिची एक मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबी बिळाच्या तोंडाशी पहाऱ्याला बसलेला असतो. काही संशयास्पद दिसले, की तो शेपटी झटकन हलवतो, आणि मिशीतून हा इशारा मिळताच कोळंबी हातातले काम टाकून आत पळते. धोका मोठा असेल, तर गोबीही डोके आधी घालून तिच्या मागोमाग बिळात शिरतो. दोघांना टाकीच्या दोन टोकांना सोडले, तरी बहुधा काही दिवसांत त्यांची गाठ पडते.

या जोडीसाठी दोन तयारी कराव्या लागतात. वाळू ५ ते ७ सेंटिमीटर खोल हवी आणि तिच्यात शिंपल्यांचे व प्रवाळाचे बारीक तुकडे मिसळलेले हवेत, म्हणजे बिळाचे छत टिकते. दुसरे, खडक वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर बसवून मग भोवती वाळू घालावी. नाहीतर कोळंबी खालची वाळू उपसते आणि एका रात्री खडक कोसळतो. आणखी एक सूचना: ही कोळंबी मोठी नांगी इतक्या वेगाने मिटते, की पाण्यात बुडबुडा निर्माण होऊन फुटतो आणि खट्ट असा आवाज येतो. तो पहिल्यांदा ऐकणारा माणूस टाकीच्या काचेला तडा गेला असे समजून धावत येतो.

क्लाउनफिशची जोडी, एक रॉयल ग्रामा किंवा एक फायरफिश, आणि कोळंबीसह एक वॉचमन गोबी: १०० लिटरच्या टाकीसाठी मी सुचवीन तो संच एवढाच. चार मासे, तीन बिऱ्हाडे, आणि कोणाचाही चेहरा दुसऱ्यासारखा नाही.

लहान, पण नको असलेले

आकाराने बसणारे काही मासे स्वभावाने बसत नाहीत. पांढऱ्यावर काळे पट्टे असलेला तीनपट्टी डॅमसेल आणि काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला डॉमिनो डॅमसेल हे मासे इतके चिवट असतात, की नव्या टाकीत जिवाणूंची वस्ती जमवण्यासाठी ते आधी सोडण्याची एक जुनी पद्धत होती. ती पद्धत माशांसाठी क्रूर होतीच. वर तिच्यामुळे टाकीतला सर्वांत भांडखोर मासा सर्वांत आधीचा रहिवासी ठरे आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला त्याची किंमत मोजावी लागे. सहा रेघांचा रास हा चमकदार मासाही असाच. पहिले काही महिने तो गुणी असतो, मग एके दिवशी टाकी आपली आहे हे त्याच्या लक्षात येते. हिरवे क्रोमिस समुद्रात शेकड्यांनी फिरतात. टाकीत सहा आणले, तर सर्वांत खालच्यावर रोख धरला जातो, तो मेला की पुढच्यावर, आणि वर्षअखेरीस बहुधा एक-दोनच उरतात.

मँडरिन माशाची गोष्ट वेगळी आहे. तो कोणाशी भांडत नाही. निळ्या-नारिंगी नक्षीचा हा मासा खडकावर दिवसभर टोचा मारत फिरतो, कारण त्याचे अन्न म्हणजे कोपेपॉड नावाचे डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव. लहान टाकीतला त्यांचा साठा तो काही आठवड्यांत फस्त करतो. त्यानंतरही तो टोचा मारतच राहतो, त्यामुळे पाहणाऱ्याला तो खातो आहे असेच वाटते. पोट खपाटीला गेलेले दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

प्रवाळांचा विचार करता फुलपाखरू मासे बाद होतात, कारण त्यांतल्या बऱ्याच जाती प्रवाळांचेच मांस टोचून खातात. बुटके एंजल मासे कधी खातात, कधी खात नाहीत, आणि एकदा चव लागली की सोडत नाहीत. हॉकफिश प्रवाळांना हात लावत नाही, पण कोळंबी हे त्याचे आवडते खाणे आहे. समुद्रघोडे इतके संथ असतात, की चपळ माशांच्या सोबतीत त्यांच्या वाट्याला अन्न उरतच नाही. त्यांना वेगळी टाकीच हवी.

आणण्याचा क्रम

चार मासे एकाच दिवशी आणू नयेत, आणि ते कोणत्या क्रमाने आणायचे हे निवडीइतकेच महत्त्वाचे आहे. टाकीत आधी आलेला मासा स्वतःला मालक समजतो. म्हणून बुजरा मासा आधी, दांडगा शेवटी. आपल्या संचात आधी गोबी आणि कोळंबी, दोन-तीन आठवड्यांनी फायरफिश किंवा ग्रामा, आणि सर्वांत शेवटी क्लाउनफिशची जोडी. हौशी माणसाला नेमके उलटे करावेसे वाटते, कारण क्लाउनफिशसाठीच तर टाकी मांडलेली असते.

विकत घेताना मासा आपल्यासमोर खाऊन दाखवील, असा आग्रह धरावा. पोट आत गेलेले, श्वास धापा टाकल्यासारखा, डोळ्यांवर पडदा किंवा अंगावर पांढुरकी पुटे असतील, तर स्वस्त असला तरी घेऊ नये. विक्रेत्याच्या टाकीतली क्षारताही विचारावी. अनेक ठिकाणी मासे मुद्दाम कमी क्षारतेच्या पाण्यात ठेवलेले असतात. प्रवाळटाकीचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे क्षारता मोजण्याचे माप, मात्र १.०२५ ते १.०२६ राखले जाते. कमी खाऱ्यातून एकदम जास्त खाऱ्यात गेलेल्या माशाच्या शरीरातले पाणी ओढले जाते, आणि हा धक्का उलट दिशेच्या बदलापेक्षा पुष्कळ जड जातो.

मासा थेट मुख्य टाकीत न सोडता साध्या, वाळू-खडक नसलेल्या टाकीत चार ते सहा आठवडे वेगळा ठेवावा. लपायला नळाचे दोन तुकडे पुरतात. त्या टाकीची क्षारता आधीच विक्रेत्याच्या पाण्याशी जुळवून ठेवली, तर मासा आणलेल्या पिशवीत थेंब-थेंब पाणी सोडत तासभर बसावे लागत नाही. लांबच्या प्रवासातून आलेल्या माशाच्या बाबतीत तर ते धोक्याचेच असते. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कर्बवायू साठतो, पीएच उतरतो आणि साचलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली, की कर्बवायू उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होऊ लागतो. मासा मात्र त्याच पाण्यात असतो.

एवढे आठवडे थांबण्याचे कारण म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा परजीवी काही दिवस माशाच्या अंगावर राहतो, मग गळून तळाशी कोशात जातो आणि तिथून आठवड्यांनी शेकडो नवे परजीवी बाहेर पडतात. मधल्या काळात अंगावरचे ठिपके नाहीसे होतात आणि मासा बरा झाला असे वाटते. त्यावरचे तांब्याचे औषध प्रवाळ, कोळंबी आणि गोगलगायींना मारते, म्हणून ते मुख्य टाकीत वापरताच येत नाही. रोग एकदा तिथे शिरला, तर सगळे मासे बाहेर काढून टाकी सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावी लागते.

मुख्य टाकीत मासा सोडायचा तो दिवे मालवल्यावर. टाकीतला कोणी अंगावर धावून येईल अशी शंका असेल, तर नव्या माशाला भोके पाडलेल्या पारदर्शक पेटीत घालून तीन-चार दिवस टाकीतच टांगून ठेवावे. जुना रहिवासी पहिल्या दिवशी पेटीला धडका मारतो, दुसऱ्या दिवशी अधूनमधून, आणि चवथ्या दिवशी बहुधा त्याला कंटाळा आलेला असतो. नाही आला, तर पेटी न उघडताच आपल्याला उत्तर मिळालेले असते. खडकाचे दोन-तीन दगड हलवूनही फरक पडतो, कारण हद्दीच्या खुणा बदलल्या की जुन्यालाही नव्याने जागा शोधावी लागते.

त्यानंतरचा किरकोळ पाठलाग, पर फुलवणे, तोंड वासणे, या गोष्टी दोन-तीन दिवस होणारच. त्यात हस्तक्षेप करू नये. काळजीची लक्षणे वेगळी असतात. एखादा मासा पृष्ठभागाच्या कोपऱ्यात किंवा पंपामागे दिवसभर उभा राहतो, अन्न पडले तरी बाहेर येत नाही, परांच्या कडा फाटलेल्या दिसतात आणि त्या भरून येण्याआधी पुन्हा फाटतात. असे दिसले, तर ‘जमेल हळूहळू’ म्हणून वाट पाहू नये. लहान टाकीत ते जमत नाही.

अशा वेळी त्रास देणाऱ्याला बाहेर काढावे लागते, आणि प्रवाळ बसवलेल्या टाकीत जाळ्याने मासा पकडणे जवळपास अशक्य असते. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो उलटा आत बसवला, की चांगला सापळा होतो. त्याला दोरी बांधून, त्यात अन्न ठेवून तो दोन-तीन दिवस नुसताच टाकीत राहू द्यावा आणि मासा आत जाऊन बिनधास्त खाऊ लागला, की मगच दोरी ओढावी. पहिला प्रयत्न फसला, तर तो मासा पुढे कित्येक दिवस त्या बाटलीच्या आसपास फिरकत नाही आणि मार खाणाऱ्या माशाकडे तेवढे दिवस नसतात.